परदेशी लढायला गेलेल्यांना आपल्या कोर्टासमोर आणा: गृहविषयक स्थायी समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
गृह मंत्रालयाशी संबंधित संसदीय स्थायी समिती,
संसद भवन, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी कल्याणला राहतो आणि फौजदारी वकिली करतो. मे २०१४ मध्ये आमच्या गावातले चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला गेले आणि तिथून जथा सोडून ‘इस्लामिक स्टेट’च्या मुलखात निघून गेले. पोलिसांत तक्रार दिली ती त्यांच्याच घरच्यांनी. त्यानंतर बराच काळ कुठेही गेलो आणि ‘कल्याणचा’ असं सांगितलं, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. त्या प्रकरणात माझं वकीलपत्र कधी नव्हतं, आजही नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट खटकत राहिली आहे आणि तिचं उत्तर तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

आपला नागरिक दुसऱ्या देशात जाऊन अतिरेकी संघटनेसाठी लढतो, तेव्हा आपला कायदा त्याला ‘तू कोणाचा सदस्य होतास’ आणि ‘कुठल्या सरकारविरुद्ध लढलास’ एवढंच विचारतो. ‘तिथे तू कोणाचं काय केलंस’ हा प्रश्न आपण जवळपास विचारतच नाही. आणि विचारायचा झाला, तर ज्याला विचारायचा तो माणूस कोर्टासमोर हवा. त्याला आणायची आपली तयारी नसते.

आधी एक गैरसमज नको. मी कोणासाठी दयेचा अर्ज घेऊन आलेलो नाही. कल्याणची मुलं गेली त्याच सुमारास, जून २०१४ मध्ये, इराकमधल्या मोसूलमध्ये मजुरीला गेलेल्या आपल्या माणसांना याच संघटनेने पकडून नेलं. त्यातले ३९ जण मारले गेले. बहुतेक पंजाबचे, कर्ज काढून परदेशी गेलेले. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी मार्च २०१८ मध्ये राज्यसभेत ते जाहीर करेपर्यंत त्यांची घरं जवळपास चार वर्षं वाट बघत होती. या संघटनेत सामील होणं म्हणजे काय, ते त्या घरांना विचारावं. शिक्षा व्हायलाच हवी. ती कशाची, कुठे आणि किती वर्षांनी, एवढ्यापुरतंच माझं म्हणणं आहे.

नाक्यावर या प्रश्नाचं एक सोपं उत्तर मिळतं: नागरिकत्व काढून घ्या आणि तिकडेच राहू द्या. सभागृहातही कधीतरी कोणी ते मागेल. तुम्हाला माहीतच आहे, पण पत्र खुलं आहे म्हणून इतरांसाठी लिहितो. नागरिकत्व कायदा, १९५५ चं कलम १० सरकारला नागरिकत्व काढून घेऊ देतं ते मुख्यतः नोंदणीने किंवा देशीयकरणाने झालेल्या नागरिकांचं. जन्माने भारतीय असलेल्याचं नागरिकत्व असं काढता येत नाही. ही तरतूद तशीच राहावी. ती बदलली तर काय होतं, हे ब्रिटनने दाखवून दिलं आहे.

शमीमा बेगम हे नाव आपण वाचलं असेल. पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीनची ही मुलगी फेब्रुवारी २०१५ मध्ये दोन मैत्रिणींबरोबर सीरियाला गेली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. चार वर्षांनी एका पत्रकाराला ती निर्वासितांच्या छावणीत सापडली आणि काही दिवसांतच गृहमंत्री साजिद जाविद यांनी तिचं नागरिकत्व काढून घेतलं. आईवडील मूळचे बांगलादेशी, म्हणजे तीही बांगलादेशी ठरते, तेव्हा ती देशहीन होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. ढाक्याने लगेच सांगितलं की आमचा तिच्याशी संबंध नाही. छावणीत जन्मलेलं तिचं तिसरं मूल मार्चमध्ये न्यूमोनियाने गेलं. पुढची पाच वर्षं अपिलं चालली आणि तिच्या विरोधात गेली. २०२३ मध्ये अशी अपिलं ऐकणाऱ्या विशेष आयोगाने नोंदवलं की तिला लैंगिक शोषणासाठी फूस लावून नेलं असल्याचा विश्वासार्ह संशय आहे, आणि तरीही अपील फेटाळलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या अपिलाला परवानगी नाकारली.

या सगळ्यात एक गोष्ट झालीच नाही: खटला. तिने सीरियात काय केलं, ती बळी होती की साथीदार, की थोडं हे आणि थोडं ते, याचा साक्षीपुराव्याने निकाल कुठल्याही फौजदारी न्यायालयाने दिलेला नाही. ब्रिटनने आपल्या गुन्हेगाराची जबाबदारी एका गरीब देशाच्या दारात नेऊन ठेवायचा प्रयत्न केला. तो देश आपला शेजारी आहे, हे आपण विसरू नये. उद्या कोणी असाच हिशेब मांडून आपल्या दारात माणसं आणून ठेवली, तर नाही म्हणायला आपल्याला तोंड असायला हवं.

आपण नागरिकत्व काढत नाही. पण आणतही नाही, आणि व्यवहारात दोन्हींचा परिणाम एकच होतो. केरळच्या चार महिलांचं प्रकरण बघा. २०१६ मध्ये कासरगोड आणि आसपासच्या भागातून वीसेक माणसं बायकामुलांसह अफगाणिस्तानात, नांगरहारमधल्या ‘इस्लामिक स्टेट’च्या शाखेकडे गेली. नवरे लढाईत मेले. २०१९ च्या अखेरीस या चौघी मुलांसह अफगाण फौजांना शरण आल्या आणि काबूलच्या तुरुंगात गेल्या. राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे (एनआयए) त्यांच्याविरुद्ध गुन्हे नोंदलेले होते. काबूलमध्ये तेव्हा आपल्याशी मैत्री असलेलं सरकार होतं, आणि दोन्ही देशांत प्रत्यार्पणाचा करारही झालेला होता. आरोपी तुरुंगात, तुरुंग मित्राच्या ताब्यात, करार हातात. यापेक्षा सोपी परिस्थिती तपास यंत्रणेला पुन्हा मिळणार नाही. तरीही त्यांना आणलं गेलं नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती पडलं आणि त्याच सुमारास तिथले तुरुंग मोकळे झाले. त्यांच्यातल्या एकीच्या वडिलांनी केलेल्या अर्जावर आठ आठवड्यांत निर्णय घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं. तोवर ज्या तुरुंगातून आणायचं, तो तुरुंगच हातचा गेला होता.

त्यांना आणणं धोक्याचं आहे, असं तेव्हा सुरक्षा यंत्रणांच्या हवाल्याने छापून येत होतं. असेल. पण भारतातल्या तुरुंगात, भारतीय न्यायाधीशासमोर उभी असलेली बाई धोकादायक, की तालिबानच्या राज्यात बेपत्ता झालेली? मला हे गणित कधी कळलेलं नाही.

मुलांचा प्रश्न तर कोणी घेतलेलाच दिसत नाही. परदेशात भारतीय आईबापांपोटी जन्मलेलं मूल आपोआप भारतीय होत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत करावी लागते, नंतर करायची तर केंद्र सरकारची परवानगी लागते. नांगरहारच्या डोंगरात जन्मलेल्या मुलाची नोंद कोण करणार होतं? त्या मुलाने तर कुठलाच गुन्हा केलेला नाही. कझाकस्तानसारख्या देशाने २०१९ मध्ये विमानं पाठवून सीरियातून आपली सुमारे सहाशे माणसं आणली आणि त्यात बहुसंख्य मुलं होती. ज्या मोठ्यांवर संशय होता त्यांच्यावर तिथे खटले भरले. कझाकस्तानच्या लोकशाहीचे गोडवे गायचं मला काही कारण नाही. पण विमान पाठवायचं धैर्य त्यांनी दाखवलं.

आता समजा, आणलं. पुढे काय?

पुढे कल्याणचं प्रकरण आहे. चौघांतला एक नोव्हेंबर २०१४ मध्ये तुर्कस्तानमार्गे परतला आणि मुंबईत एनआयएने त्याला अटक केली. तो म्हणतो, मी आपणहून परत आलो. यंत्रणा म्हणते, घातपातासाठी आला. खरं काय ते न्यायालय ठरवेल, तो माझा विषय नाही. माझा विषय वेळ. एनआयए कायद्याचं कलम १९ सांगतं की विशेष न्यायालयातला खटला रोजच्या रोज चालवायचा आणि त्याला इतर खटल्यांपेक्षा अग्रक्रम द्यायचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर त्याच्या जामिनाचा प्रश्न आला, तेव्हा सहा वर्षं उलटून गेली होती. पन्नासेक साक्षीदार झाले होते आणि शंभरहून जास्त बाकी होते. युक्तिवाद त्याने स्वतः केला. गुणदोषांवर त्याच्या बाजूने दिलेली विशेष न्यायालयाची निरीक्षणं उच्च न्यायालयाने मान्य केली नाहीत, पण खटला इतका रेंगाळला आहे या कारणाने जामीन कायम ठेवला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने नजीब प्रकरणात सांगितलं होतं की दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याचं, जामीन अवघड करणारं कलम ४३-ड (५) कितीही कडक असलं, तरी अनंत काळ कच्चा कैदी म्हणून ठेवता येणार नाही. रोजच्या रोज चालायचा खटला तसा चालला असता, तर जामिनाचा प्रश्न एवढा ताणलाच गेला नसता.

मालाडच्या मालवणीतून डिसेंबर २०१५ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’कडे निघालेल्या तरुणांच्या खटल्यात दोघांनी गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. तोवर सहाएक वर्षं ते आतच होते. परभणीच्या अशाच प्रकरणातही २०२२ मध्ये कबुलीवरच शिक्षा झाली. कबुली खऱ्या पश्चात्तापाची असू शकते, नाही म्हणत नाही. पण तारखांवर तारखा पडताना पाहिलेला कुठलाही वकील तुम्हाला सांगेल, की एवढ्या वर्षांनंतर कबुली हा बाहेर पडायचा सर्वांत जवळचा दरवाजा होतो. त्यात सत्य किती बाहेर आलं, कोणी पाठवलं, पैसे कोणी दिले, हे मात्र तसंच राहतं. खटल्यात ते उघड्यावर आलं असतं.

आता कायद्याच्या मजकुराकडे येतो. २०२३ मध्ये तिन्ही फौजदारी विधेयकं तुमच्याच समितीने तपासली होती. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम १२५ होतं: भारताशी मैत्री किंवा शांतता असलेल्या ‘आशियाई सत्ते’विरुद्ध युद्ध पुकारणं. इंग्रजांनी १८६० मध्ये आपल्या साम्राज्याच्या सोयीसाठी लिहिलेलं. तेच कलम इराकमध्ये लढून आलेल्या केरळच्या एका माणसाला लागलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये कोचीच्या विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. इराकमध्ये ‘इस्लामिक स्टेट’साठी प्रत्यक्ष लढल्याबद्दल भारतीयाला झालेली ती पहिली शिक्षा. (त्याला जिवंत हाती ठेवल्याचा फायदा असा, की पॅरिसच्या हल्ल्यांबाबत विचारपूस करायला फ्रान्सचे तपास अधिकारी केरळच्या तुरुंगात येऊन गेले. बेपत्ता माणसाकडून अशी माहिती मिळत नाही.)

दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १५३ झालं. ‘आशियाई सत्ता’ जाऊन ‘भारताशी शांतता असलेलं परकीय राज्य’ आलं. बदल चांगलाच. पण शिक्षा बघा: जन्मठेप, किंवा सात वर्षांपर्यंत कैद, किंवा नुसता दंड. एकाच कलमात. कोणाला जन्मठेप आणि कोणाला दंड, याची एकही खूण कायद्यात नाही. मग गुन्ह्याचा गाभा काय, तर ‘सरकारविरुद्ध युद्ध’. आता सीरिया घ्या. २०१४ मध्ये असदच्या फौजेविरुद्ध लढणारा भारतीय या कलमात बसत होता. डिसेंबर २०२४ मध्ये असद पळाला आणि दमास्कसमध्ये सत्तेवर आले ते अहमद अल-शरा, जे एकेकाळी अल-कायदाच्या सीरियातल्या शाखेचे म्होरके होते. २०२१ नंतरच्या काबूलमध्ये ‘सरकार’ कोण, हा प्रश्न आपल्या परराष्ट्र खात्यालाही जपून हाताळावा लागतो. गुन्हा ठरवायचा तो त्या देशात आज गादीवर कोण आहे यावरून? आणि दोन अतिरेकी टोळ्यांच्या आपसातल्या लढाईत गावकरी मारले गेले तर कुठल्या सरकारविरुद्ध युद्ध झालं?

दुसरा मार्ग यूएपीएचा. त्यात कलम २० सदस्यत्वाचं, १८ कटाचं, ३८ आणि ३९ संबंध आणि पाठिंब्याचं. कलम २० खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्या एका कलमात गळा कापणारा, गाडी चालवणारा, स्वयंपाक करणारा, आणि पंधरा दिवसांत घाबरून पळालेला, सगळे बसतात. शिवाय सदस्यत्वावर उभा केलेला खटला तारखेत अडकतो. ‘इस्लामिक स्टेट’चं नाव आपल्या कायद्याच्या परिशिष्टात, म्हणजे बंदी घातलेल्या संघटनांच्या यादीत, आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. कल्याणचे चौघे गेले त्याच्या नऊ महिने आधी. कृत्याच्या वेळी जो गुन्हा नव्हता त्याची शिक्षा देता येत नाही, असं सांगणारा राज्यघटनेचा अनुच्छेद २०(१) वाचलेला कुठलाही बचावाचा वकील तो मुद्दा सोडणार नाही आणि सोडूही नये. बंदीची अधिसूचना निघायला उशीर झाला, म्हणून खून कमी गंभीर होतो का? नाही. पण खुनाचा आरोपच ठेवलेला नसेल, तर न्यायालय तरी काय करणार?

जर्मनीने वेगळी वाट धरली. फ्रँकफर्टच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’च्या एका इराकी सदस्याला नरसंहाराबद्दल जन्मठेप दिली. फलुजामधल्या घरात गुलाम म्हणून ठेवलेल्या यझिदी या अल्पसंख्य धर्मसमाजातल्या पाच वर्षांच्या मुलीला त्याने भर उन्हात साखळदंडाने बांधून ठेवलं होतं आणि ती मेली. त्याची जर्मन बायको, जिने हे होऊ दिलं, तिला म्युनिकमध्ये वेगळी शिक्षा झाली. त्या मुलीची आई साक्षीदार म्हणून न्यायालयात उभी राहिली. नुसतं सदस्यत्व बघितलं असतं, तर त्या मुलीचा कागदोपत्री उल्लेखही झाला नसता.

आपल्याकडे? नरसंहारविरोधी करार आपण १९५९ मध्ये मान्य केला, पण त्यासाठी देशात कायदा आजवर केलेला नाही. २०२३ च्या न्याय संहितेत नरसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे येतील असं माझ्यासारख्यांना वाटलं होतं. आले नाहीत. भारतीयाने परदेशात केलेला खून, बलात्कार, मानवी तस्करी यांवर इथे खटला चालू शकतो. केंद्राची मंजुरी हवी, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १८८, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २०८. परदेशात तपास करायचे अधिकार एनआयएला २०१९ च्या दुरुस्तीने मिळाले आहेत. म्हणजे अधिकार कमी पडत नाहीत. कमी पडते ती त्या देशांकडून पुरावे मागवायची, साक्षीदार शोधायची चिकाटी. सदस्यत्व सिद्ध करायला आरोपीचा मोबाईल पुरतो. कृत्य सिद्ध करायला ज्या बाईवर अत्याचार झाला तिच्यापर्यंत, मोसूलला, पोहोचावं लागतं. इराकमध्ये पुरावे गोळा करणारं संयुक्त राष्ट्रांचं पथक २०२४ मध्ये बंद झालं. त्याच्या दप्तरात भारतीय नावं किती आहेत आणि आपण ती मागितली का, हे समितीने गृह खात्याला विचारावं.

तेव्हा माझी मागणी अशी. परदेशातल्या सशस्त्र अतिरेकी संघटनेत लढायला जाण्याचा स्वतंत्र गुन्हा कायद्यात लिहा, आणि त्यात पायऱ्या ठेवा: निघणं, पोहोचणं, शस्त्र घेणं, आणि तिथे प्रत्यक्ष केलेली हिंसा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव २१७८ सप्टेंबर २०१४ मध्येच सांगून गेला आहे की दहशतवादासाठी प्रवास करणं हा देशी कायद्याने गुन्हा ठरवा. आपण त्यासाठी वेगळं कलम केलं नाही, यूएपीएच्या सर्वसाधारण कलमांवर भागवतो. नरसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे न्याय संहितेत आणा. परदेशी तुरुंगात किंवा छावणीत आपला आरोपी सापडला, तर त्याला आणायचा निर्णय ठरावीक मुदतीत व्हावा, लेखी व्हावा, आणि नकाराला न्यायालयात आव्हान देता यावं. मुलांना वेगळी वाट ठेवा. आणि एनआयए कायद्याच्या कलम १९ चं पालन किती खटल्यांत होतं, याचा वर्षाचा अहवाल तुमच्यासमोर येऊ द्या. एवढं एक केलं तरी बरंच हलेल.

एक मुद्दा घरच्यांचा. २०१५-१६ च्या सुमारास महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) काही तरुणांना, त्यात पुण्याच्या एका अल्पवयीन मुलीला, खटला न भरता समजावून मागे वळवलं. धर्मगुरू, मानसोपचारतज्ज्ञ, आईबाप, सगळ्यांना बरोबर घेऊन. उत्तम काम होतं. पण ते त्या अधिकाऱ्यांच्या समजुतीवर चाललं, त्याला कायद्याचा आधार नव्हता. दुसरा अधिकारी आला असता तर त्याच मुलीवर गुन्हा नोंदवला असता आणि कायद्याने तोही चूक ठरला नसता. आईबापाने विश्वासाने पोलीस ठाण्याची पायरी चढावी असं वाटत असेल, तर आपल्या तक्रारीतून काय होणार हे त्यांना आधी कळायला हवं. अजून कृत्य न केलेल्याला न्यायालयाच्या देखरेखीखाली समुपदेशनाकडे वळवता येईल, अशी तरतूद करा. कल्याणच्या त्या घरांनी तक्रार दिली होती. पुढे जे झालं ते बघून दुसरं घर देईल का, याची मला खात्री नाही.

भारतातून गेलेल्यांची संख्या जगाच्या मानाने फार थोडी आहे. एकूण चाळीस हजारांहून जास्त परदेशी लढवय्ये इराक-सीरियात पोहोचले, त्यात आपले मोजके. म्हणूनच हे काम आज निवांतपणे, आरडाओरड न करता करता येईल. पुढची लाट कुठल्या देशातून, कुठल्या धर्माच्या की विचाराच्या नावाने येईल, सांगता येत नाही. कायदा असा लिहा की त्यात संघटनेचं नाव बदललं तरी चालेल.

समितीने या विषयावर साक्षी घ्यायचं ठरवलं, तर नुसत्या निवृत्त अधिकाऱ्यांना बोलावू नका. विशेष न्यायालयांत दोन्ही बाजूंनी उभे राहणारे वकील बोलवा, मोसूलमध्ये गेलेल्या मजुरांच्या घरचं कोणी बोलवा, आणि ज्यांनी आपल्या मुलाची तक्रार स्वतः दिली असे एक आई-वडील बोलवा. त्यांची साक्ष बंद दाराआड घ्या, नावं छापू नका.

आपला,
कल्याणचा एक वकील